काळीज सुपाएवढं : खेळाडूंच्या हृदयाचा इतिहास

आनंद झाला की आपलं काळीज सुपाएवढं होतं. शूर माणसाचं काळीज वाघाचं असतं. मराठी भाषेत मोठं काळीज म्हणजे गौरवाची गोष्ट. पण टू-डी इकोच्या रिपोर्टवर 'हृदयाचा आकार वाढलेला' अशी एक ओळ आली, की घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. यात आपलं काही चुकतं असं नाही. मोठं हृदय हे दुखणं समजायचं की कमाई, या प्रश्नावर जगभरचे डॉक्टरसुद्धा सव्वाशेहून अधिक वर्षं वाद घालत आले आहेत. त्या वादाचा इतिहास मोठा वाचनीय आहे. निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला, त्यात हा विषय हाती आला आणि सुटला नाही.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत खाती तपासली, त्यामुळे आकडे दिसले की ताळा करून बघायची सवय तेवढी आहे. आपल्या सोसायटीतली तरुण मंडळी दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जातात, काही जण जिममध्ये वजनं उचलतात आणि आमच्यासारखे काही सकाळी आवारात फेऱ्या मारतात. या सगळ्यांच्याच छातीत काय घडत असतं, ते रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सांगावं असं वाटलं.

वल्हेकऱ्यांचा हिशेब

गोष्ट सुरू होते इंग्लंडात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांमध्ये १८२९ साली होड्यांची शर्यत सुरू झाली. थेम्स नदीवर आठ-आठ तरुण जिवाच्या कराराने वल्ही मारायचे. १८६७ साली स्के नावाच्या एका नामांकित सर्जनने 'टाइम्स' वृत्तपत्राला पत्र लिहिलं की ही शर्यत पोरांच्या प्रकृतीला घातक आहे. झालं, आईबाप घाबरले. एवढे कष्ट केले तर हृदय झिजणार आणि पोरगा तरुणपणीच जाणार, असा समज पसरला.

जॉन एडवर्ड मॉर्गन नावाचे एक डॉक्टर होते. ते स्वतः विद्यार्थिदशेत होडी वल्हवलेले. त्यांनी वाद घालत बसण्याऐवजी सरळ हिशेब मांडला. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांचा त्यांनी माग काढला. जे हयात होते त्यांना पत्रं पाठवली, जे गेले होते त्यांच्या नातेवाइकांकडे चौकशी केली. मग त्यांचं आयुष्य त्या काळच्या आयुर्मानाच्या तक्त्यांशी ताडून पाहिलं. १८७३ साली पुस्तक प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की हे वल्हेकरी अपेक्षेपेक्षा सरासरी दोनएक वर्षं जास्तच जगले.

विम्याच्या धंद्यातला माणूस लगेच म्हणेल, की ही मुळातच खात्यापित्या घरची धडधाकट मुलं, ती जास्त जगणारच! आक्षेप रास्त आहे. पण व्यायामाने माणूस मरतो की तरतो, हे मतांनी नव्हे तर मोजणीने ठरवायचं, ही वहिवाट बऱ्याच अंशी मॉर्गनसाहेबांनी पाडली.

बोटांनी मोजलेलं हृदय

आता १८९९ साल. स्वीडनमध्ये उप्सला इथे सालोमन हेन्शेन नावाचे प्राध्यापक होते. (पुढे १९२३ साली लेनिनच्या आजारपणात ज्या परदेशी तज्ज्ञांना मॉस्कोला बोलावलं गेलं, त्यांतले हे एक.) स्वीडन बर्फाचा देश, तिथले लोक पायाला लांब पट्ट्या बांधून मैलोन् मैल घसरत जातात. त्यालाच स्की म्हणतात. हेन्शेन यांनी अशा शर्यतींतल्या खेळाडूंची हृदयं मोजली.

मोजली कशी? एक्स-रेचा शोध लागून जेमतेम चार वर्षं झाली होती आणि ईसीजी यंत्र अजून यायचं होतं. त्यांनी वापरलं फक्त बोट. छातीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकायचं. खाली फुप्फुस असेल तर पोकळ आवाज येतो, हृदय असेल तर भरीव. आवाज जिथे बदलतो ती हृदयाची सीमा. बाजारात आपण कलिंगड ठोकून घेतो, कुंभाराकडे मडकं वाजवून बघतो, तीच विद्या. ती वैद्यकात आणली ऑएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने, १७६१ साली. त्याचे वडील खाणावळ चालवायचे. दारूच्या पिंपात किती माल उरलाय हे ठोकून पाहायची रीत त्याने तिथेच पाहिली, असं सांगतात.

तर या ठोकण्यातून हेन्शेन यांना दिसलं, की स्कीपटूंची हृदयं सामान्य माणसांपेक्षा मोठी आहेत आणि शर्यतीत पुढे राहणाऱ्यांची तर जास्तच मोठी. त्यांनी निष्कर्ष काढला, की हे मोठेपण रोगाचं नाही. असं हृदय जास्त काम करू शकतं. त्याच वर्षी अमेरिकेत युजीन डार्लिंग यांनी हार्वर्डच्या वल्हेकऱ्यांमध्येही हृदय वाढल्याची नोंद केली. आज इकोच्या पडद्यावर जे दिसतं, ते या लोकांनी निव्वळ बोटांनी आणि कानांनी ओळखलं होतं.

पण वैद्यकजगताला ते पटायला फार काळ लागला. कारणही समजण्यासारखं आहे. ज्यांची झडप खराब आहे, ज्यांचा बीपी वर्षानुवर्षं चढलेला आहे, त्यांचंही हृदय मोठं होतं, आणि डॉक्टरांच्या दारात यायचे ते असेच रुग्ण. धडधाकट खेळाडू कशाला दवाखान्यात जाईल? त्यामुळे 'मोठं हृदय म्हणजे आजारी हृदय' हे समीकरण घट्ट बसलं.

छपाई कामगार डीमार

या समीकरणाचा फटका बसलेला एक माणूस म्हणजे अमेरिकेचा क्लॅरेन्स डीमार. पेशाने छापखान्यात खिळे जुळवणारा, कामावर पळत जाणारा-येणारा. १९११ साली बॉस्टन मॅरेथॉनच्या आधी डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, तर हृदयाच्या आवाजात एक कुरकुर ऐकू आली. धावणं लवकरच बंद करा, असा सल्ला मिळाला. पठ्ठ्या त्या वर्षीची शर्यत धावला आणि पहिला आला! नंतर मात्र काही वर्षं तो बॉस्टनपासून दूर राहिला, त्यामागे या इशाऱ्याचीही भीती होती. पुढे तो परतला आणि १९२२ ते १९३० या काळात आणखी सहा वेळा जिंकला. शेवटच्या विजयाच्या वेळी त्याचं वय होतं ४१. एकूण सात विजय. तो तपासणारा डॉक्टर पुढे स्वतःच हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याने बहुधा स्वतःच्याच हृदयाचा आवाज ऐकला असावा, अशी मिश्किल टिप्पणी डीमारने केली होती.

डीमार १९५८ साली, सत्तरीत, कर्करोगाने वारला. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत तो शर्यती धावत होता. मृत्यूनंतर त्याचं हृदय तपासण्यात आलं. तपासणाऱ्यांत पॉल डडली व्हाइट होते, त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले हृदयतज्ज्ञ. १९६१ साली अहवाल छापून आला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डीमारच्या कॉरोनरी रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. वयोमानाप्रमाणे त्यांत थोडी चरबी साचली होती, नाही असं नाही. पण नळच एवढा मोठा, की साचलेल्या गाळाने प्रवाह अडला नव्हता.

हेच व्हाइट १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करत होते. हळूहळू चालायला लागा, पुन्हा कामाला लागा, असा त्यांचा सल्ला होता. आज तो साधा वाटतो. पण आमच्या वडिलांच्या पिढीत अ‍ॅटॅक आलेल्या माणसाला कित्येक आठवडे पलंगावरून उठू देत नसत. कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याने मदत करायची. घरातली माणसं ते मोठ्या मायेनं करत. त्यात अपाय होता, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

थोडं गणित

आता खेळाडूच्या हृदयात नेमकं बदलतं काय ते पाहू. साध्या माणसाचं हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ७० वेळा पडतं आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. गुणाकार करा, जवळजवळ ५ लिटर. शरीराची बसल्या जागेची गरज तेवढीच. मुरलेल्या धावपटूचं हृदय मोठं असल्याने एका ठोक्यात समजा ११० मिलिलिटर रक्त जातं. मग तेच ५ लिटर भरायला त्याला ४५ ठोके पुरतात. दिवसाचे १,४४० मिनिट धरले, तर आपले एक लाखावर ठोके होतात, त्याचे पासष्ट हजारांच्या आत. रोज ३६ हजार ठोक्यांची बचत! म्हणून धावपटूची नाडी संथ असते.

खरा फरक दिसतो तो पळताना. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सरावाने नाडीचा कमाल वेग वाढत नाही. तो प्रामुख्याने वयानुसार ठरतो. वाढतो तो प्रत्येक ठोक्याचा भरणा. साधा तरुण पूर्ण दमेपर्यंत पळाला तर त्याचं हृदय मिनिटाला २० लिटरच्या आसपास रक्त फिरवतं. जागतिक दर्जाच्या धावपटूचं किंवा सायकलपटूचं ३५ ते ४० लिटर. हा दुप्पट फरक म्हणजेच पदक.

नाडी संथ का होते, यामागे शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव आहे, असं शाळा-कॉलेजात शिकवत आले. पण अलीकडे, २०१४ च्या सुमारास, मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखवलं, की हृदयात ठोक्याची ठिणगी जिथे पडते ती गाठच सरावाने बदलते.

इको आल्यावर

१९५३ साली स्वीडनमध्येच, लुंड इथे, एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी ध्वनिलहरींनी जिवंत हृदयाची हालचाल टिपली. आपल्या सगळ्यांच्या फायलीत असलेल्या इकोचा तो जन्म. छाती न उघडता भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली.

१९७५ साली मॉर्गनरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत धावपटू, जलतरणपटू, कुस्तीगीर आणि गोळाफेकपटू यांची हृदयं ताडून पाहिली. धावणाऱ्या-पोहणाऱ्यांचा खालचा डावा कप्पा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली डावी जवनिका, आतून मोठी झालेली दिसली. कुस्तीगीर आणि गोळाफेकपटूंचा कप्पा तेवढाच, पण भिंत जाड. तर्क सोपा आहे. धावताना तासन् तास जास्त रक्त येत राहतं, म्हणून पिशवी मोठी होते. जोर लावताना बीपी काही क्षण प्रचंड चढतो, त्या दाबाविरुद्ध ढकलायचं म्हणून भिंत जाड होते. आपल्या कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान आणि मॅरेथॉनवाला, दोघेही मेहनती, पण दोघांच्या हृदयाची बांधणी निराळी. पुढच्या अभ्यासांत ही वाटणी एवढी काटेकोर नसते असं दिसलं. होडी वल्हवणाऱ्यांत आणि सायकलपटूंत तर दोन्ही बदल एकत्र आढळतात.

पण या मोजमापाने एक जीवनमरणाचा प्रश्न पुढे आणला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. साधारण पाचशे माणसांत एकाला. त्यातही हृदयाची भिंत जाड होते, आणि मैदानावर अचानक कोसळणाऱ्या तरुणांमागे जी कारणं असतात, त्यांतलं हे एक मोठं. मग जाड भिंत दिसली तर ती मेहनतीची की रोगाची?

इटलीचे पेलिच्चिया यांनी १९९१ साली ९४७ अव्वल खेळाडूंचे इको तपासून याला आकड्यांत उत्तर दिलं. १३ मिलिमीटर किंवा जास्त जाडी निघाली फक्त १६ जणांची, आणि त्यांचाही आतला कप्पा मोठा होता. कोणाचीच भिंत १६ मिलिमीटरच्या पुढे नव्हती. आजारात बहुधा उलट असतं. भिंत जाड आणि कप्पा लहान. दुसरी कसोटी त्याहून सोपी, ती म्हणजे सुट्टी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या सहा वल्हेकऱ्यांना सराव थांबवायला लावला. काही आठवड्यांत-महिन्यांत त्यांची जाडी सरासरी १३.८ वरून १०.५ मिलिमीटरवर आली. मेहनतीची कमाई बसून खाल्ली की संपते. आनुवंशिक रोग सुट्टी घेतल्याने जात नाही.

इटलीने १९८२ सालापासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची केली. तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचं प्रमाण दरवर्षी लाखामागे ३.६ होतं, ते २००४ पर्यंत ०.४ वर आलं. सगळ्या देशांनी ही सक्ती स्वीकारलेली नाही, कारण निरोगी मुलांनाही नाहक 'संशयित' ठरवलं जाण्याची भीती असते. दोन्ही बाजूंना वजन आहे. एक गोष्ट मात्र वादातीत आहे. पळता-खेळताना मुलाला चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून सोडून देऊ नये. हृदयतज्ज्ञांना दाखवावं.

चिलखत नव्हे

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही इतिहासात होऊन गेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला हार्ट अ‍ॅटॅक येऊच शकत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे डॉक्टरही निघाले. त्या लाटेचा एक नायक होता जिम फिक्स. धावण्यावरचं त्याचं १९७७ चं पुस्तक तुफान खपलं. १९८४ साली धावता धावताच तो कोसळला आणि गेला. वय ५२. तपासणीत रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. त्याच्या वडिलांना पस्तिशीत पहिला झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी गेले होते. तो स्वतःही पस्तिशीपर्यंत भरपूर सिगारेटी ओढायचा. धावण्याने त्याला कदाचित काही वर्षं जास्तच मिळाली. पण जुनं कर्ज माफ झालं नव्हतं.

अतिरेकालाही किंमत आहे. स्वीडनमध्ये व्हासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की शर्यत होते. १९८९ ते १९९८ मधल्या बावन्न हजारांवर स्कीपटूंचा माग ठेवला, तेव्हा जे जास्त वेळा आणि जास्त वेगात धावले त्यांच्यात हृदयाचा ठोका अनियमित होण्याचं प्रमाण अधिक आढळलं. हेन्शेन यांच्याच देशाने त्यांच्या सिद्धांताला ही पुरवणी जोडली.

आपल्यासारख्यांचं काय?

इथवर खेळाडूंचं झालं. ज्यांनी आयुष्यात शाळेच्या लंगडीपलीकडे काही केलं नाही, त्यांनी काय घ्यावं? त्यासाठी तीन अभ्यास सांगतो.

पहिला लंडनचा. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. एकच कंपनी, सारखीच वस्ती. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. (आपल्या बेस्टच्या डबलडेकरवर वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत, त्यामुळे त्यांच्या पायऱ्या थोड्या वाचल्या!) मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. लिफ्ट बंद पडली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे युद्ध पेटतं, तेव्हा हा अभ्यास जरूर आठवावा. अर्थात, गुडघे ठीक असतील त्यांनीच.

दुसरा अमेरिकेतल्या डॅलसचा. १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर पूर्ण विश्रांती दिली आणि त्यांची श्रम करण्याची ताकद मोजली. ती भयंकर घसरली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाचही जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयोमानाने जेवढी ताकद गेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने गेली होती! मग सहा महिने त्यांच्याकडून हळूहळू वाढवत चालणं, धावणं, सायकल असा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद तरुणपणी सराव सुरू करण्याआधी होती तिथे परत आली.

तिसराही डॅलसचाच, बेंजामिन लेव्हिन यांचा. वय वाढलं आणि बैठं आयुष्य असलं की हृदय ताठर होतं, जुन्या रबरासारखं. नीट सैलावत नाही, म्हणून रक्त कमी भरतं. २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या लोकांनी आठवड्यातून चार-पाच दिवस, दोन वर्षं, दम लागेल असा व्यायाम केला तर हा ताठरपणा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. ज्या दुसऱ्या गटाने योगासनं आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, त्यांच्या हृदयात हा फरक पडला नाही. योगाचे इतर फायदे आहेतच, पण हृदयाला रोज थोडी धाप लागू द्यावी लागते. आणि याआधी सत्तरीतल्या बैठ्या लोकांकडून वर्षभर व्यायाम करून घेतला होता, तेव्हा ताकद वाढली, पण हृदयाचा ताठरपणा हटला नव्हता.

हा शेवटचा निष्कर्ष वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. आम्हा सत्तरीवाल्यांच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली. तरी ताकद वाढते, तेवढ्यासाठी आमच्या सकाळच्या फेऱ्या चालूच राहतील. पण पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन नुकतेच इथे राहायला आलेले आपले शेजारी आज पन्नाशी-पंचावन्नच्या आसपास आहेत. लेव्हिन यांच्या अभ्यासातल्या लोकांचं सरासरी वय होतं ५३. मंडळी, हा अभ्यास नेमका तुमच्यासाठी आहे. मुदत अजून संपलेली नाही. बीपी, शुगर, घराण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग सुरू करा.

जाता जाता व्यवस्थापक समितीला एक विनंती. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला, त्याचं हृदय थांबलं. जागच्या जागी छाती दाबून आणि विजेचा झटका देणारं यंत्र वापरून त्याला परत आणलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळत होता. तो वाचला, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसांना काय करायचं ते ठाऊक होतं. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमांत रांगोळी आणि अंताक्षरीबरोबर छाती दाबून प्राण वाचवण्याच्या, म्हणजे सीपीआरच्या, प्रशिक्षणाची एक सकाळ ठेवावी. वॉचमन, लिफ्टमन आणि प्रत्येक मजल्यावरून निदान दोघांनी ते शिकावं. खर्च फारसा नाही, आणि नावनोंदणीच्या यादीत पहिलं नाव माझं लिहून घ्यावं.